चढवलेला आवाज

आवाज वाढवणे आणि आवाज चढवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वाढवणे ऐकणाऱ्याच्या हाती असते; चढवणे मुद्रण करणाऱ्याच्या, आणि ते कायमचे. रायपूरच्या शंकर नगरातील आमच्या घरी भाच्याने वरच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा संसार थाटला आहे: संगणक, एक मायक्रोफोन, भिंतींवर टांगलेल्या गोधड्या आणि बंद ठेवलेला कूलर. मे महिन्यात हा शेवटचा त्याग लहान नव्हे. तेथे त्याने ताईच्या, म्हणजे आपल्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. सोबतीला केवळ तंबोरा. मिश्रण पूर्ण झाले. परंतु बाजारातल्या गाण्याशेजारी वाजवताच तो हिरमुसला. ‘मामा, आवाज दबला.’

संगणकातल्या ध्वनीला छप्पर असते. शून्य डेसिबलच्या वर गेलेली शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. म्हणून लिमिटर नामक साधन शिखरे दाबते व मोकळ्या झालेल्या जागेत उरलेले सारे वर उचलते. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि पुढे याच युक्तीने ध्वनिमुद्रणे एकमेकांहून मोठी होण्याच्या ईर्ष्येला पेटली. (आमच्या समीक्षेत विशेषणांचेही असेच झाले; असो.) त्यात कानाची साक्ष फितूर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, ध्वनी मंद असता खर्जाचे नाद कानाला विशेष उणे भासतात. साहजिकच मोठे ते भरदार वाटते, आणि भरदार ते चांगले.

भाच्याने सहा डेसिबल चढवले. ओवी संपवताना ताई स्वर सोडून जवळजवळ बोलण्यावर येते. भरताने ‘काकु’ म्हणून ज्याचा विचार केला, त्या जातीचे ते वळण. चढवलेल्या प्रतीत ते सपाट झाले. तंबोरा तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि दोन ओव्यांमधली सत्तरी उलटलेल्या छातीची धाप ओवीच्या बरोबरीने ऐकू येऊ लागली. मला गाणे ऐकू येईना. वय ऐकू येई.

मग त्यानेच चढवलेली प्रत मूळ प्रतीच्या पातळीवर उतरवून दोन्ही पाठोपाठ वाजवल्या. मोठेपणाचा आधार जाताच दुसरीत काही उरले नाही. शिवाय स्पॉटिफायसारखी माध्यमे सरासरी पातळी मोजून, उणे १४ च्या आसपास, अधिक मोठी गाणी आपणहून खाली उतरवतात. म्हणजे ही सारी ओढाताण तेथे फुकटच जायची.

शेवटी लिमिटर त्याने एखाद-दोन डेसिबलपुरताच लावला. तंबोरा किंचित मागे सारला, बुडणारे शब्द एकेक करून हाताने उचलले. धाप होती तेथेच ठेवली. ओव्या अजूनही बाजारातल्या गाण्यांहून हळूच आहेत. भंडाऱ्याच्या मावशीला पाठवताना त्याने खाली एवढेच लिहिले: ‘आवाज वाढवून ऐका.’