थेंबाचा हिशेब

जड पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच. रंग नाही, वास नाही. वजन साध्या पाण्याहून सुमारे अकरा टक्के जास्त, आणि उकळायला ठेवलं तर ते शंभराऐवजी 101.4 अंशांना उकळतं. निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, सापडतो. तेवढे वेचून काढायचे, त्यांचं पाणी करायचं, तेही 99.75 टक्क्यांहून शुद्ध. त्यासाठी रायगड जिल्ह्यात थळला, तेलंगणात मणुगूरुला अख्खे कारखाने उभे आहेत. देशातला असा पहिला कारखाना 1962 साली पंजाबात नंगलला सुरू झाला. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासारख्या 540 मेगावॅटच्या अणुभट्टीला हे पाणी शेकडो टन लागतं.

ही माहिती मला इंजिनिअरिंगला मिळाली. पाणी मोजून वापरायचं असतं, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी अंगवळणी पडलं होतं. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. पूर्णेवरचं येलदरी धरण याच तालुक्यात, त्याच्या पायथ्याशी 22.5 मेगावॅटचं वीजघर. शाळेची सहल तिथंच जायची. गाव मात्र डोंगराच्या अंगाला, हातभर मातीखाली काळा पाषाण. विहिरी कशाबशा होळीपर्यंत तग धरायच्या, मग हापसा, आणि हापसा कोरडा पडला की टँकर. उन्हाळ्यात माय आम्हाला बाजेवर बसवून आंघोळ घालायची. बाजेखाली परात असे. परातीतलं पाणी धुण्याला, धुण्याचं शेवटचं परसातल्या लिंबाला. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या बादलीत. रांजणात तांब्या बुडवताना काठावरून ओघळ गेला तर ती ओरडायची नाही, नुसती त्या ओल्या जमिनीकडे बघायची. घरात पाण्याचा जमाखर्च तिच्या डोक्यात असे आणि तो कधी चुकला नाही.

2016च्या उन्हाळ्यात मी परभणीत खोली करून शिकत होतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. तिकडे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवत होते. खोलीतल्या आम्हा पोरांच्या गप्पा नोकरी, परीक्षा आणि पाणी यांच्यापलीकडे जात नसत.

पुढे नांदेडला मेकॅनिकलची पदवी घेतली आणि तारापूरला पदवीधर शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961चा. पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले ते 1973च्या दुरुस्तीनंतर. 2019च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. आमच्याकडे त्या रकमेत घरखर्चाला हातभार लागायचा, तारापूरजवळच्या बोईसरला खोलीभाडं आणि मेस भागायची. तरी घरात आनंद होता. देवगिरीने मुंबई, दादरला उतरून डहाणू लोकल. बोईसरला उतरून समुद्रापर्यंत गेलो तेव्हा एवढं पाणी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तारापूरचे पहिले दोन संच 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्यांत साधंच पाणी भट्टीत उकळून त्याची वाफ थेट टर्बाइनवर जाते. नंतरच्या दोन संचांत जड पाणी उष्णता उचलतं, ती वाफजनित्रात साध्या पाण्याला देतं आणि परत भट्टीत जातं. टर्बाइन फिरवून झालेली वाफ थंड करायला समुद्र. साधा हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो, ड्युटेरियम जवळजवळ गिळत नाही, म्हणून जड पाणी असलं की नैसर्गिक युरेनियमवरही भट्टी चालते. शिकवणाऱ्या साहेबांनी हे फळ्यावर मांडलं आणि पुढे म्हणाले, "म्हणजे आपल्या दृष्टीने साधं पाणी हा मळ आहे. एक बादली आत गेली तरी नुकसान." वर्गातल्या इतरांनी ते लिहून घेतलं. मला मात्र ते पचायला वेळ लागला. ज्या पाण्यासाठी माय पहाटे चारला हापशावर जायची, ते इथं घाण म्हणून मोजलं जात होतं. फळ्यावरचं गणित बरोबर होतं. मन त्याच्यामागून सावकाश आलं.

मग वरिष्ठांसोबत आत जायला मिळालं. छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा टीएलडीचा बिल्ला, बाहेर पडताना हातापायांची तपासणी, आणि लघवीचा नमुना. जड पाणी भट्टीत राहिलं की त्यात किरणोत्सारी ट्रिटियम तयार होतं. ते वाफेबरोबर श्वासातून, कातडीतून शरीरात जातं आणि लघवीत दिसतं. तिथली गळती शोधणारी यंत्रणा मला फार आवडली. पंप आणि व्हॉल्व्हच्या खाली ओल ओळखणारे छोटे संवेदक बसवलेले असतात. त्यांना बीटल म्हणतात. जमिनीवर ओल आली की नियंत्रण कक्षात सूचना जाते. हवेत मिसळलेली जड पाण्याची वाफसुद्धा सोडत नाहीत. हवा ड्रायरमधून फिरवतात, आतले दाणे ओल शोषून घेतात, मग ते दाणे तापवून पाणी काढून घेतात. त्यात साधं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून ते उंच मनोऱ्यांत ऊर्ध्वपातनाने पुन्हा शुद्ध करून भट्टीला परत. एका पंपाखालच्या ट्रेमध्ये जेमतेम चमचाभर पाणी साठलेलं होतं. फोरमननी ते जपून बाटलीत घेतलं, बाटलीवर चिठ्ठी लावली, वेळ लिहिली, सही केली. मला म्हणाले, "हे कुठून आलं ते कळेपर्यंत आपलं काम संपत नाही." मायकडे वही नव्हती, पण शिस्त हीच होती.

एक गोष्ट मात्र केंद्रातल्या नोंदींमध्ये कुठेच नव्हती. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथल्या लोकांचा पुनर्वसनासाठीचा झगडा कोर्टापर्यंत गेला. येलदरीच्या पाण्याखालीही आमच्या भागातली शेतं गेली. अणुवीज देशाला हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच असंही वाटतं की जो उद्योग चमचाभर पाण्याचा माग काढतो, त्याने उठवलेल्या प्रत्येक घराचाही तसाच माग ठेवावा.

उमेदवारी संपल्यावर मी पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. जड पाण्याच्या व्हॉल्व्हला दांड्याभोवती धातूची घडीदार नळी जोडतात, म्हणजे पॅकिंग झिजलं तरी पाणी बाहेर येत नाही. तयार व्हॉल्व्हची हेलियमने चाचणी होते. आतून निर्वात करायचं, बाहेरून हेलियमचा बारीक फवारा जोडांवरून सावकाश फिरवायचा. आत शिरलेले मोजके अणूही यंत्राला कळतात. पाणी ज्या फटीतून वर्षानुवर्षं दिसणार नाही, ती फट आकड्यात येते. हात हळू फिरवावा लागतो. घाई केली की यंत्र खरं सांगत नाही. नवीन ॲप्रेंटिस आले की मी त्यांना आधी हात फिरवायला शिकवतो, सिद्धांत नंतर.

मोजमापाची ही सवय गावीही सुटली नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, तेव्हा मी सुट्टीत मुद्दाम पाहून आलो. चक्राकार पायऱ्या उतरत खाली गेलं की पाणी कुठवर आहे ते कोणालाही न विचारता दिसतं. आमच्या गावाला अशी बारव नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पण गावातल्या माणसाला आपल्या विहिरीचा आकडा माहीत नसतो. म्हणून मागच्या दिवाळीपासून धाकटा भाऊ आणि मी गावच्या सार्वजनिक विहिरीची पातळी दर पंधरवड्याला टेपने मोजतो. तारीख, वेळ, कठड्यापासूनची खोली, मोजणाऱ्याची सही. तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आहे. सुरुवातीला कोणी थांबत नव्हतं. आता रब्बीला हरभरा पेरावा की गहू, हे ठरवताना दोघं-तिघं तो तक्ता बघून जातात, आणि मोजायचा दिवस टळला तर माय भावाला विचारते, "आज सही कामून नाही रे?"