पाच, पन्नास, पाचशे मीटर

"डॉक्टर, हा चवड्यावर चालतो." सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घेऊन आलेले आईवडील बहुधा इथूनच सुरुवात करतात. टाचेमागची शीर आखडली असेल, ती लांब करून टाका, असं कुणीतरी त्यांना आधीच सांगितलेलं असतं. पण चवड्यावर चालणाऱ्या प्रत्येक मुलाची शीर आखडलेली नसते. काहींचे गुडघ्यामागचे स्नायू ताठ असतात. गुडघा वाकलेलाच राहिला की घोटा ठीक असूनही टाच उचलली जाते. अशा मुलाची शीर लांब केली तर पोटरीचा आधार जातो, आणि वजन वाढेल तसतसं ते गुडघ्यात आणखी वाकून चालू लागतं. ढिली झालेली शीर पुन्हा घट्ट करणं फार अवघड.

खुबा, गुडघा, घोटा एकाच वेळी हलत असताना हा फरक नुसत्या नजरेनं पकडणं कठीण, म्हणून चालीची प्रयोगशाळा. पायांवर ठरावीक जागी चकाकणारे छोटे गोळे चिकटवायचे. इन्फ्रारेड कॅमेरे त्यांचा माग घेतात, जमिनीत बसवलेल्या पट्ट्या पावलाखालचा जोर मोजतात, आणि कोणता स्नायू नको त्या वेळी आवळतोय ते इलेक्ट्रोड सांगतात. कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी व डेव्हिड सदरलँड आणि मिनेसोटात जेम्स गेज यांनी हे शास्त्र मुलांच्या उपचारांपर्यंत आणलं. पूर्वी एका वर्षी टाच, पुढच्या वर्षी गुडघा, मग खुबा असं चालायचं. मुलाचे वाढदिवस प्लास्टरमध्येच जायचे. आता सगळे दोष आधी ओळखून शक्यतो एकाच वेळी शस्त्रक्रिया करता येते.

मात्र आलेखातला गुडघा दहा अंशांनी सरळ झाला म्हणून मुलाचा दिवस सुधारला, असं मी मानत नाही. मेलबर्नच्या केर ग्रॅहम यांच्या गटानं २००४मध्ये मांडलेली मोजपट्टी मला म्हणूनच आवडते. घरात ५ मीटर, शाळेत ५० आणि बाहेर ५०० मीटर मूल कशाच्या आधारानं जातं, एवढंच ती विचारते. तेच मूल घरात भिंत धरून, शाळेत वॉकरवर आणि बाजारात व्हीलचेअरवर असू शकतं. व्हीलचेअर म्हणजे हार, हा समज मला मनापासून खुपतो. थकून घरी बसण्यापेक्षा बसून जत्रेला गेलेलं कधीही चांगलं!

युरोपातल्या ८ ते १२ वर्षांच्या ५०० मुलांनी स्वतः दिलेली उत्तरं २००७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. बहुतेक बाबतींत सेरेब्रल पाल्सीची ही मुलं इतर मुलांइतकीच समाधानी होती. पण ज्यांना वेदना होत्या, त्यांचं समाधान कमी होतं. तेव्हापासून, आई उत्तर देऊ लागली तरी मी मुलाकडेच बघत थांबते. "दुखतं का? कुठं? रात्रीसुद्धा?"

शिवाय परदेशी प्रश्नावल्यांमध्ये सहसा नसतात असे आपले प्रश्न असतात. पंगतीत मांडी घालता येते का? शाळेच्या संडासात उकिडवं बसून पुन्हा उठता येतं का, की त्या भीतीनं मूल दिवसभर पाणीच पीत नाही? हे मी अंशांच्या तक्त्याशेजारीच लिहिते. वर्ग तळमजल्यावर आणावा आणि संडासात धरायला दांडा बसवावा, असं मुख्याध्यापकांना द्यायचं पत्र शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधीच पालकांच्या हातात देते.