गंजाडच्या वाटेवर भीतीचा शब्द

डहाणू रोड स्थानकावर उतरून पूर्वेची वाट धरली, की खाऱ्या वाऱ्याचा वास आणि चिकूच्या बागा लवकरच मागे पडतात. भाताची खाचरे, ताडांच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे निळसर डोंगर असा देखावा सुरू होतो. आम्ही गंजाडला निघालो तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. भाताची कापणी बहुतेक उरकली होती आणि खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या उभ्या होत्या. बरोबर माझा भाचा होता. त्याने वर्षभरापासून तुर्की भाषा शिकावयास घेतली आहे. नवी भाषा शिकणाऱ्या तरुणाची जी अवस्था होते तीच त्याची झाली आहे. दिसेल त्या वस्तूचे तुर्की नाव सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही.

"मामा, तुर्की भाषेत भीतीला काय म्हणतात, ओळखा पाहू," तो म्हणाला. मी हार मानताच त्याने उत्तर दिले, "कोर्कू."

"अरे, कोरकू ही तर आपल्या मेळघाटातली माणसे!" मी म्हणालो. मेळघाटातील कोरकूंच्या भाषेत 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे 'कोरकू' या नावाचा अर्थ केवळ 'माणसे'. या दोन शब्दांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. दूरच्या दोन भाषांत असे सारखे ध्वनी योगायोगाने जुळून येतात, त्यातलाच हा प्रकार. तरीही एकाच उच्चाराने एकीकडे भीती आणि दुसरीकडे माणसे असा बोध व्हावा, ही गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली.

पुढे गाडीत भीतीच्या शब्दांवरच आमचे बोलणे रंगले. इंग्रजीतील 'फिअर' हा शब्द पाहा. आज तो मनातील भावनेचे नाव आहे; परंतु जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ अकस्मात कोसळलेले संकट असा होता. भीती आधी माणसाच्या बाहेर होती. कालांतराने ती त्याच्या अंतःकरणात शिरली. त्याच भाषेतील 'टेरर' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचे मूळ आणि संस्कृतातील 'त्रस्' धातूचे मूळ एकच असून अर्थ थरथर कापणे असा आहे. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भयच होते. आम्ही मराठी माणसांनी मात्र त्या शब्दाची धार बोथट केली. दारात पाहुणा अवेळी आला तरी त्रास, आणि डासांनी झोप मोडली तरी त्रासच.

तुर्की भाषेशी आपले नाते याहून जवळचे आहे. तोफ, चाकू, कैची हे शब्द मूळचे तुर्कांचे; फारसीच्या द्वारे ते आपल्या घरात येऊन बसले. 'दहशत' हा शब्द अरबी. तोही फारसीतून आपल्याकडे आला आणि तिकडे तुर्कांकडेही गेला. ते त्याचा उच्चार 'देहशेत' असा करतात. मूळ अरबीत त्याचा अर्थ विस्मयाने भांबावून जाणे एवढाच आहे. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातील विस्मय गळाला आणि धडकी तेवढी उरली. तुर्की तरुण मात्र एखादी गोष्ट फार आवडली म्हणजे तिला खुशाल 'देहशेत' म्हणतात. इंग्रज 'टेरिफिक' म्हणतो आणि आमच्या घरातील मुली नवे पातळ पाहून 'भयंकर आवडले' म्हणतात. भयाचे शब्द आनंदाच्या कामी लावण्याची ही खोड तिन्ही भाषांना जडलेली आहे.

इंग्रजी व तुर्की या भाषांत भीतीचा आणखी एक सौम्य उपयोग आहे. दारी आलेल्यास नकार द्यावयाचा झाला, तर इंग्रज "मला भीती वाटते, साहेब घरी नाहीत," अशा अर्थाचे वाक्य बोलतो. तुर्कही आपल्या 'कोर्कू'पासून साधलेल्या क्रियापदाने अप्रिय वार्ता अशीच हळुवारपणे पुढे करतो. मराठीत ही रीत नाही. आम्ही माफी मागतो, भीड बाळगतो. पण सभ्यतेसाठी भीती उसनी आणीत नाही.

इतक्यात रस्त्याकडेच्या शेतात एक बुजगावणे दिसले. काठीला फाटका सदरा घातलेला, डोक्यावर मडके. भाचा एकदम म्हणाला, "मामा, याला तुर्कीत 'कोर्कुलुक' म्हणतात; आणि पुलाच्या किंवा गच्चीच्या कठड्यालाही हाच शब्द आहे!" मला हा शब्द फार आवडला. एक वस्तू भीती घालण्यासाठी उभी केलेली, तर दुसरी माणूस खाली पडू नये म्हणून बांधलेली. आणि दोहोंचे नाव भीतीवरूनच पडलेले. भीती माणसाला पळवून लावते आणि भीतीच त्याला सांभाळतेही, हे त्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवले आहे. त्या दिवशी गंजाडात आम्ही जे पाहिले, ते समजण्यास या शब्दाने मला मोठे साहाय्य केले.

गंजाड हे वारली वस्तीचे गाव. एकेक पाडा दूर दूर विखुरलेला. कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा गिलावा. लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने या भिंतींवर चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची स्थापना करतात. याच गावच्या कळंबीपाड्यात जिव्या सोमा म्हसे हे चित्रकार राहत असत. त्यांचा जन्म 1934 सालचा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणी आई गेली, तेव्हापासून कित्येक वर्षे त्यांनी बोलणे टाकले होते आणि ते धुळीत चित्रे काढून आपले मनोगत सांगत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे त्यांनी ही भिंतीवरची कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. ज्या दुःखाला आणि भयाला शब्द सापडत नाही, त्याला निदान आकार देता येतो, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

गावाबाहेर एका झाडाखाली वाघदेवाचे ठाणे पाहिले. लाकडी फळीवर वाघ कोरलेला, वरती सूर्य आणि चंद्र, अंगावर शेंदूर. वाघबारशीला वाहिलेल्या नारळाच्या करवंट्या अजून तेथेच पडल्या होत्या. डहाणूच्या रानातून पट्टेरी वाघ केव्हाच नाहीसा झाला; बिबट्या मात्र आजही आहे आणि तोही या देवाच्याच कुळात मोडतो. मुंबई, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अशी वाघोबाची दीडशे ठाणी असल्याची नोंद 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. वर्षातून एकदा वाघाचा मान त्याला द्यावयाचा, म्हणजे तो गुरांना आणि माणसांना सांभाळतो, अशी श्रद्धा. शहरी माणूस याला भोळेपणा म्हणेल. मला त्या फळीत तुर्कांचा 'कोर्कुलुक' दिसला. वाघाचे भय खोटे आहे असे वारली म्हणत नाही. त्या भयाला तो गावाच्या शिवेवर जागा देतो, त्याला वार नेमून देतो आणि स्वतः आपल्या मर्यादेत राहतो. भीतीचा त्याने कठडा केला आहे.

परंतु या मुलखाने ज्याचा कठडा करता येत नाही असे भयही पुष्कळ भोगले आहे. ते वाघाचे नव्हे, माणसाचे. जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या वेठीने येथील वारली पिढ्यान्‌पिढ्या गांजलेला होता. लग्नासाठी कर्ज काढावे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने धन्याच्या घरी राबावे, या 'लग्नगडी' प्रथेत माणसाचे आयुष्य संपून जाई. 23 मे 1945 रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करावयाची नाही असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्या चळवळीचे पुढारी. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यातील, आपल्यासारख्याच पांढरपेशा घरात वाढलेल्या. पुढे 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरी वेठ पुन्हा मान वर काढू शकली नाही. या लढ्याचा वृत्तान्त बाईंनी 1970 साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिला. त्या नावात 'माणूस' हा शब्द आहे, याची आठवण त्या दिवशी मला विशेषेकरून झाली. सकाळी भाच्याशी थट्टेत बोललेले 'भीती' आणि 'माणसे' हे दोन अर्थ येथे एकमेकांसमोर उभे होते.

येथे सुशिक्षित वाचकाने क्षणभर थांबावे. धाक, जरब, वचक, दरारा हे शब्द आपण घराण्याच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगताना किती अभिमानाने वापरतो! "आजोबांचा पंचक्रोशीत दरारा होता," असे म्हणताना पंचक्रोशीला काय वाटत होते हे आपण विचारीत नाही. दरारा हा शब्द ज्याचा दरारा असतो त्याच्याच वंशजांच्या तोंडी शोभतो. ज्याने तो सोसला त्याच्या घरी त्याच गोष्टीला दुसरे नाव असते.

तिसऱ्या प्रकारचे भय आम्हांस एका घराच्या ओसरीवर भेटले. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास त्यांचा जोर अधिक होता. धक्के बहुधा लहान, परंतु जमिनीत फार खोल नसल्याने त्यांबरोबर मोठा गडगडाट होई. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे यंत्रे बसविली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून बाहेर धावताना पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा अंत झाला. थंडीच्या दिवसांत कित्येक कुटुंबे घराबाहेर तंबूत निजत होती.

त्या ओसरीवरच्या म्हाताऱ्या आजीला मी विचारले, "आजी, तेव्हा फार भीती वाटली का?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "वाघ रानातून येतो, हे ठावे असते. हा पायाखालून येतो. याला नारळ कोठे ठेवायचा?"

आम्ही दोघेही निरुत्तर झालो. इंग्रजांच्या पूर्वजांना 'फिअर' म्हणजे अकस्मात कोसळणारे संकट वाटे. तो विसरलेला अर्थ या निरक्षर वृद्धेच्या बोलण्यात जसाच्या तसा होता. भाच्याला तुर्कस्तान आठवले. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्या देशाच्या आग्नेय भागात दोन प्रचंड भूकंप झाले आणि तेथे पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या राष्ट्राने 1921 साली स्वीकारलेल्या राष्ट्रगीताचा आरंभ 'भिऊ नकोस' अशा अर्थाच्या शब्दाने होतो, असे त्याने आजीला सांगितले. आपल्याकडेही अक्कलकोटच्या स्वामींच्या तसबिरीखाली हेच शब्द असतात आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासूनच होते. आजी म्हणाली, "सांगायला कोणी पाहिजे. आम्ही सगळे एकत्र बाहेर निजलो, तेव्हा पोरे झोपली."

मला वाटते, तिन्ही भयांचे मर्म येथे आहे. वाघाच्या भयाला मान द्यावा लागतो. सावकाराच्या भयाला एकजुटीने मोडावे लागते. आणि भूमीच्या भयाला काही करता येत नसेल, तर ते वाटून घ्यावे लागते. तिन्हींना 'भीती' हे एकच नाव देऊन आपण मोकळे होतो आणि मग मान द्यावयाच्या ठिकाणी उद्दामपणा करतो, मोडावयाच्या ठिकाणी नमतो. रात्री मूल झोपेना म्हणजे आपण त्याला बागुलबुवाची भीती घालतो आणि दिवा मालवून निघून जातो. भय निर्माण करून ते त्या अजाण जीवावर एकट्याने सोसावयास टाकणे, हे आपण किती सहज करतो!

निघताना पाहिले तो त्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा गेलेला होता. तो शेणमातीने बुजवून वरून गेरू दिलेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात तारप्याभोवती नाचणाऱ्या माणसांचा फेर काढलेला होता. बुजविलेल्या तड्याची रेघ त्या फेरामधून स्पष्ट दिसत होती. हातात हात गुंफलेली ती इवलीशी माणसे तिच्या अलीकडून पलीकडे गेलेली होती. भाच्याने आपली वही काढली, 'कोर्कू' या शब्दापुढे 'भीती' असा अर्थ लिहिलेला होता, त्याखाली त्याने आणखी एक शब्द लिहिला आणि वही मिटली. कोणता, ते मी विचारले नाही.