सलग दोनदा हरलात? मग उठा!

बारावीतला माझा भाचा आमच्याकडे राहतो. दवाखाना आटोपल्यावर मी त्याच्यासोबत व्हॅलोरंट खेळतो. पाच विरुद्ध पाच जणांचा हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम. भाचा माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. पण सलग दोन मॅच हरला की सोबत्यांवर ओरडतो, एकटाच पुढे धावतो आणि पुन्हा मरतो. नंतर जेवणाच्या ताटावरही अबोला!

असे का होते? राग आला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, हात थरथरतात. लक्ष समोरच्या एकाच शत्रूवर खिळते. नकाशा आणि सोबती दिसेनासे होतात. म्हणजे नेमाच्या आधी निर्णय चुकतो.

म्हणून आम्ही तीन नियम केले:

१. सलग दोनदा हरलो की दहा मिनिटे उठायचे, पाणी प्यायचे, श्वास सावकाश सोडायचा.

२. मेल्यावर ‘कोणामुळे?’ असे न विचारता ‘मी कुठे उभा होतो?’ असे विचारायचे.

३. रात्री दहानंतर गेम बंद. सरावाने हाताला लागलेले वळण झोपेत पक्के होते; जागरणाने प्रतिक्रिया मंदावते.

भाच्याची रँक अजून फारशी वाढलेली नाही, पण हरल्यावरही तो जेवताना गप्पा मारतो. मला तेवढे पुरे आहे.

मात्र गेमपायी झोप, अभ्यास, माणसे सुटत असतील आणि ठरवूनही थांबता येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्यावर उपचार होतात.