काठाचा रंग आणि पायातली वहाण

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे या गावांचे नाव निघाले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. इकडे भाताची लावणी चालू असते आणि तिकडे पडवीत, अंगणात, ताडपत्रीच्या मांडवात मूर्तींना रंग चढत असतो. कृषी खात्याच्या नोकरीत मी या भागात पुष्कळ फिरलो. बियाणे, खते, करपा, तुडतुडे हे माझे विषय. पण जोह्याच्या कारखान्यांत बसून रंगाविषयी जे ऐकले, ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. त्यातले थोडे आज सांगणार आहे. पण ते मूर्तीसाठी नाही, तर आपल्या गावच्या नाटकात, गौळणीत, नाचात लुगडे नेसून उभ्या राहणाऱ्या पुरुषासाठी.

हा विषय वाचून काही जण हसतील. हसू द्या. स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची ही आपल्याकडची जुनी चाल आहे. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केले, तेव्हापासून कितीतरी वर्षे रंगभूमीवरच्या सीता, शकुंतला, सुभद्रा पुरुषच होते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, त्यातली तारामती अण्णा साळुंके यांनी केली. ते त्याआधी उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करीत. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच झाले! आजही सिंधुदुर्गाच्या दशावतारात राणीचे काम करणारा नट स्वतःच्या हाताने रंग लावतो, स्वतः लुगडे नेसतो आणि जत्रेत रात्रभर उभा राहतो.

आणि बालगंधर्व? नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. 1911 मध्ये ‘मानापमान’मधली भामिनी, 1916 मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. त्यांचे नेसणे, नथ, केसांतला गजरा, खांद्यावरचा शेला पाहून घरंदाज स्त्रिया तसे करू लागल्या. पुरुषाने बायकांचे पाहून शिकावे आणि पुन्हा बायकांनी त्याचे पाहून शिकावे, असा हा उलटा व्यवहार झाला. पण मला त्यांची ‘एकच प्याला’तली सिंधू अधिक शिकवते. 1919 चे हे नाटक. नवरा दारूपायी बुडालेला, घर रिकामे झालेले आणि वकिलाची बायको दळण दळते आहे. तिथे शालू नाही, दागिने नाहीत. म्हणजे साजशृंगार हा पात्राच्या परिस्थितीवर ठरतो, नटाच्या हौसेवर नाही. उंची वस्त्रांपायी आणि थाटामाटापायी त्यांच्या मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला, हेही आपण शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गावच्या नाटकाला पेटीतली साडी पुरते.

मी दापोलीला बी. एस्सी. (कृषी) करीत होतो, तेव्हा वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. संमेलनाच्या एकांकिकेत सासूचे काम माझ्या वाट्याला आले. आत्याने तिचे जांभळे लुगडे दिले आणि एकच वाक्य सांगितले, “अंगावर सोने, पायात चांदी, हे विसरू नकोस.” आपल्याकडे पायात सोने घालीत नाहीत. पैंजण, जोडवी चांदीची. गळ्यात, कानात, हातात सोन्यासारखे. एवढी एक गोष्ट सांभाळली तरी बघणाऱ्या बायकांच्या नजरेत पात्र खरे उतरते. कारण बायका चेहरा नंतर बघतात, आधी जोडवी बघतात.

जोह्याचे एक वयस्क रंगारी तरुणपणी राधेचे काम करीत. गणपतीचा पीतांबर आणि शेला रंगवता रंगवता त्यांनी मला त्यांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, “साहेब, अंगाचा रंग सोडा, काठ बघा. बाकी सगळं काठ सांगतो.” त्यांचे म्हणणे असे : लुगड्याच्या अंगाशी जुळवायला गेले की सगळे एकरंगी, सपाट दिसते. काठाचा रंग उचलावा आणि तोच चोळीला, तोच वहाणेला, तोच हातातल्या पिशवीला किंवा रुमालाला द्यावा. हिरव्या लुगड्याला लाल काठ असेल तर चोळी लाल खणाची आणि वहाण लालसर तपकिरी. पिवळ्याला जांभळा काठ असेल तर वहाण गडद जांभळी किंवा काळपट. अंग, काठ आणि सोनेरी असे तीन रंग झाले की चौथा आणू नये. हिरव्या काचेच्या बांगड्या तेवढ्या याला अपवाद, कारण त्या रंगासाठी नसतात, सौभाग्यासाठी असतात. म्हणून पात्र कोण आहे ते आधी विचारावे आणि मग चुडा भरावा.

पायांचा प्रश्न सर्वांत अवघड. नांगर धरणाऱ्याचा पाय नऊ नंबरचा. बायकांची चप्पल त्याच्या टाचेखालीच संपते. यावर तोडगा आहे. नाटक पौराणिक असेल तर अनवाणीच जावे. आळता आणि पैंजण पुरेत. सामाजिक नाटकात गोल पाचवारी नेसले तर पाऊल बहुतेक झाकले जाते. नऊवारीत घोटा उघडा राहतो, तिथे मात्र वहाण दिसणारच. अशा वेळी साध्या पट्ट्याची, टाच नसलेली, काठाशी मिळती गडद वहाण घ्यावी. गडद रंगात पाऊल लहान वाटते. पांढऱ्या किंवा चकचकीत वहाणेत ते होडीएवढे दिसते. कोल्हापुरी वहाण पुरुषाच्या मापात मिळते आणि तिचा तपकिरी रंग बहुतेक काठांना चालून जातो.

हाताचेही तसेच. कष्टाने रुंद झालेल्या पंजातून काचेची बांगडी चढत नाही; ओढाताणीत ती फुटते आणि रक्त येते. दोन-दहा मापाच्या मिळाल्या तर साबण लावून चढवाव्यात, नाहीतर तोंड उघडे असलेल्या धातूच्या पाटल्या घ्याव्यात. नाक टोचलेले नसते, म्हणून चापाची नथ. नथ थोडी मोठीच असावी. मागच्या रांगेतल्या आजीला दिसायला हवी. आणि चेहऱ्याला पांढरी पावडर थापून मान आणि हात उन्हाने रापलेले ठेवू नयेत. चेहरा हातांच्या रंगाशी जुळवावा. सावळी राधा काही कमी सुंदर नसते.

शेवटचे, दिव्याचे. माझ्या लहानपणी गॅसबत्तीच्या पिवळसर उजेडात निळे लुगडे काळे वाटे आणि लाल, केशरी खुलून दिसे. आता पांढरेफेक दिवे असतात. त्यांत सोनेरी फिके पडते. म्हणून खरेदी उन्हात करा, पण जुळवणी ज्या दिव्याखाली उभे राहायचे त्याच दिव्याखाली करा. बियाणे बघायला आपण शेतात जातो, दुकानाच्या पाटीवर विसंबत नाही, तसेच हे.

आता ज्यासाठी हे लिहिले ते सांगतो. आमच्या भागातला एक तरुण मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. हात इतका स्थिर की बघत राहावे. मंडळाच्या नाटकात तो सुनेचे काम करी. मागच्या वर्षी कोणीतरी फोनवर त्याचा फोटो काढून गावोगाव पाठवला, खाली नको ते लिहिले. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती थांबली. वडिलांनी साडी पेटीत टाकून कुलूप लावले आणि मुलगा कारखान्यातही मान खाली घालून बसू लागला.

त्या वडिलांना मी ओळखतो. चारसूत्री पद्धतीने भात लावणारे ते त्यांच्या आळीतले पहिले. खुणा केलेली दोरी धरून 25 आणि 15 सेंटिमीटरवर रोप लावताना सारे गाव बांधावर उभे राहून हसले होते. मी त्यांना एवढेच म्हटले, “दादा, तेव्हा हसणाऱ्यांसाठी तुम्ही दोरी सोडली असती तर?” ते काही बोलले नाहीत. विळी घेऊन गवताला निघून गेले.

महिन्याभराने पेणच्या बाजारात भेटले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, “साहेब, नऊ नंबरची बायकांची चप्पल कुठं मिळंल? काठ मरून रंगाचा हाय.”

हौसेने नाटकापुरते नेसणारे असतात, आणि हेच आपले खरे रूप असे ज्यांना आतून वाटते तीही माणसे असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा माणसांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. दोन्ही प्रकारची माणसे आपल्याच घरांत जन्मतात, आपल्याच ताटात जेवतात. त्यांची थट्टा करून पीक वाढत नाही की घराची अब्रू वाढत नाही.

तेव्हा माझ्या वाचक भगिनींनो, तुमच्या घरातल्या मुलाने वा दिराने नाटकासाठी साडी मागितली तर “जा, कुठलीही घे” म्हणू नका. पेटी उघडा, दोन साड्या अंगाला लावून बघा, काठ बघा, निऱ्या घालून द्या आणि पदराला पिन लावून द्या. तुमच्या हातची निरी असली की पोरगा रंगमंचावर अडखळत नाही. आणि बंधूंनो, पडदा वर गेला की शिट्टी मारण्याआधी त्याच्या पायांकडे बघा. वहाण काठाला जुळलेली असेल, तर त्यामागे घरातल्या कोणाचा तरी जीव गुंतलेला आहे असे समजा.