ब्याण्णव मिनिटं टाळ्या

इटलीत राहणारा माणूस सुट्टीत घरी गेला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खरा पिझ्झा कसा असतो? आणि भाषा जमली का रे? दुसऱ्याला मी पूर्वी ऐटीत ‘हो’ म्हणायचो. मिलानला एम.एस. करताना व्याकरणाचं पुस्तक घोकलं होतं ना!

मग जेनोव्हात नोकरी लागली. पहिल्याच वर्षी एकदा दारात साहेबांना वाट देताना मी अदबीनं म्हटलं, ‘आपण पुढे व्हा.’ म्हणायचं होतं ‘वादा’, तोंडातून गेलं ‘वादी’. आपल्या तू-तुम्हीसारखाच इथेही प्रकार आहे, आणि आदरार्थी आज्ञार्थात भल्याभल्यांची त्रेधा उडते. पण सगळं ऑफिस खो खो हसलं. साहेबसुद्धा. पुढचे दोन महिने मीटिंगमध्ये मी ‘सी’ आणि ‘चेर्तो’, म्हणजे ‘हो’ आणि ‘अर्थात’, एवढंच बोललो. घरी बायकोला म्हटलंही, आपण इथे जन्मभर परकेच राहणार.

काही महिन्यांनी बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञानं दोन तास आमचं डोकं खाल्लं. तो थांबल्यावर शेजारचा सहकारी पुटपुटला, ‘आता ब्याण्णव मिनिटं टाळ्या!’ आजूबाजूचे दबून हसले. मी घड्याळाकडे बघत बसलो. माझा चेहरा बघून त्या भल्या माणसानं दुसऱ्या दिवशी दोन डीव्हीडी आणून दिल्या. म्हणाला, ‘इंजिनियर, हे बघितल्याशिवाय या देशात नोकरी करता येत नाही.’

ते होते फांतोत्सीचे चित्रपट. हिशेबनीस उगो फांतोत्सी हा पाओलो विल्लाज्जो या नटानं निर्माण केलेला कारकून. विल्लाज्जो जेनोव्हाचेच, आणि आधी इथल्याच एका कंपनीत नोकरी केलेले, म्हणजे अनुभव घरचा! 1971 मध्ये पुस्तक आलं, 1975 मध्ये पहिला चित्रपट. फांतोत्सी साहेबांपुढे इतका वाकतो की कणा आहे की नाही शंका यावी. त्याची आदरार्थी रूपं हटकून चुकतात, आणि ‘वादी’ ही त्यातलीच एक. अख्खा देश गेली पन्नास वर्षं ती चूक मुद्दाम करून हसतोय. मला कोणी हसत नव्हतं हो! मी नकळत त्यांचा सर्वांत लाडका विनोद केला होता, आणि वर तोंड पाडून बसलो होतो.

ब्याण्णव मिनिटांचा उलगडा 1976 च्या दुसऱ्या चित्रपटात झाला. टीव्हीवर इटली-इंग्लंड फुटबॉलचा सामना, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी कंपनीतला एक सिनेमावेडा वरिष्ठ सगळ्यांना जुना रशियन मूकपट बघायला बसवतो. शेवटी फांतोत्सी उठतो आणि त्या सिनेमाबद्दलचं आपलं मत चारचौघांत सांगू नये अशा शब्दांत सांगतो. त्यावर ब्याण्णव मिनिटं टाळ्या!

इथले इतर विनोदवीर जगाला जास्त माहीत आहेत. 1999 च्या ऑस्करला खुर्च्यांवरून उड्या मारत गेलेला बेनिन्यी कोणाला आठवत नाही? जेनोव्हाच्याच बेप्पे ग्रिल्लोनं तर 2009 मध्ये पक्ष काढला आणि 2018 च्या निवडणुकीत तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. आणि नेपल्सचा तोतो, त्याचं निम्मं अजून माझ्या डोक्यावरून जातं. पण माझा माणूस फांतोत्सीच. आपला चिमणराव जरा जास्त पिचला असता तर असाच झाला असता.

2017 मध्ये विल्लाज्जो गेले. त्याच्या पुढच्या वर्षी बाबा आमच्याकडे आले होते. डोंबिवलीहून तीस वर्षं लोकलनं ऑफिस गाठलेला माणूस. एका पावसाळी दुपारी मी त्यांना पहिला चित्रपट लावून दिला. साडेआठला कार्ड पंच करायचं म्हणून फांतोत्सीची सकाळ सेकंदासेकंदानं आखलेली असते. तरी उशीर होतोच, आणि तो बाल्कनीतून उडी मारून खालून जाणारी बस पकडायला बघतो. बाबांना इटालियनचं एक अक्षर येत नाही. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर हातानं गप्प केलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘पण कार्ड वेळेत पंच झालं का त्याचं?’

‘पुढे बघा,’ मी म्हटलं.