पॉइंट मुलाचे, सहल आमची

मुलाच्या हॉलिडे क्लबचे पॉइंट वापरून राजस्थानच्या ग्रुप टूरला जायचे की पदरचे पैसे भरून, यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालला होता. आम्ही अंबाजोगाईचे. मी शाळेत गणित शिकवले, हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे. त्याने एका क्लबचे पंचवीस वर्षांचे सभासदत्व हप्त्यांवर घेतले आहे. दरवर्षी खात्यात पॉइंट जमा होतात आणि ते वापरा की न वापरा, वार्षिक शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी भरावाच लागतो. रजा मिळेना म्हणून पॉइंट साचत गेले. पुढच्या वर्षावर किती न्यायचे याला मर्यादा आहे, उरलेले बुडतात. अशात क्लबकडून त्याला सांगण्यात आले की, हे पॉइंट एका सहल कंपनीच्या ग्रुप टूरसाठीही चालतील. त्याने लगेच फोन केला, "आई, अण्णांना सांग, तयारीला लागा. पॉइंट तसेही वायाच चाललेत."

मुलाच्या मनात माया होती, त्यात काही शंका नाही. पण गणिताच्या बाईला 'वायाच चाललेत' एवढ्यावर सही करता येत नाही. मी त्याला म्हटले, "करार, शुल्काची पावती आणि टूरचे पत्रक, तिन्ही पाठव. मग सांगते."

आमच्या भागात ग्रुप टूर ही काही नवी गोष्ट नाही. काशी, प्रयाग, रामेश्वर करणाऱ्या यात्रेच्या बसगाड्या इथून पूर्वीपासून निघतात. बसच्या टपावर गॅस, पातेली, तांदळाची पोती, सोबत आचारी आणि गावातलाच एक माहितगार माणूस. माझ्या सासूबाई अशाच बसने काशीला जाऊन आल्या होत्या. धर्मशाळेत झोपल्या, पण रोज सकाळी चहा आणि दुपारी वरण-भात वेळेवर मिळाला, हे त्या अखेरपर्यंत सांगत. केसरी पाटलांनी १९८४ मध्ये मुंबईत केसरी टूर्स सुरू केली, त्यानंतर मराठी मध्यमवर्गाला टूर मॅनेजर, मराठी जेवण आणि ठरलेला कार्यक्रम यांची सवय झाली. मूळ गरज तीच होती. परक्या मुलखात आपले कोणीतरी सोबत हवे.

मुलाच्या क्लबसारख्या सभासदत्वाचे मूळ असलेली टाइमशेअर ही गोष्ट निराळ्या गरजेतून आली. १९६० च्या दशकात युरोपात ती सुरू झाली. डोंगरातली किंवा समुद्राकाठची एक खोली वर्षातल्या एका आठवड्यापुरती आपली. एकाच जागी दरवर्षी जाऊन माणूस कंटाळतो, म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी संस्था निघाली. भारतात स्टर्लिंग १९८६ मध्ये आली आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. पुढे अनेक ठिकाणी आठवड्यांच्या जागी पॉइंट आले. पण पॉइंटच्या पाठीशी मुळात असते ती खोली. क्लबच्या स्वतःच्या खोलीसाठी पॉइंट मोजले की त्यांचे पूर्ण मोल मिळते. विमानाचे तिकीट, बस, गाइड, दुसऱ्याचे हॉटेल यासाठी मोजले, तर क्लबला ते बाहेरून पैसे देऊन विकत घ्यावे लागते. मग तिथे पॉइंटचा भाव पडणारच. हे माझ्या लक्षात आले आणि पुढचा हिशेब सोपा झाला.

जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले. सभासदत्वाचे पैसे आणि यंदाचे शुल्क मी धरलेच नाही, कारण टूर पॉइंटवर केली किंवा रोखीने केली तरी ते गेलेलेच होते. हा मुद्दा ह्यांना पटवायला वेळ लागला. "एवढे लाख भरलेत, ते वसूल नको का करायला?" असे ते म्हणत राहिले. मी म्हटले, "अहो, वसूल कशातून जास्त होतंय तेवढंच बघू."

टूर दोघांची मिळून १,१०,००० रुपयांची होती. पॉइंट दिले तर २८,००० सुटत होते. ऐकायला छान वाटले. मग मी छत्रपती संभाजीनगरच्या एका एजंटला फोन करून तीच टूर, तीच तारीख विचारली. लवकर नोंदणी केली तर रोखीत १२,००० ची सूट होती आणि पॉइंट वापरणाऱ्याला ती मिळत नव्हती. म्हणजे पॉइंटची खरी कमाई १६,००० रुपयांची. शिवाय टूर रद्द करावी लागली तर रोखीच्या नोंदणीत किती दिवस आधी कळवल्यावर किती रक्कम परत, याचा तक्ता छापलेला होता. पॉइंट मात्र एकदा वळते केले की परत येणार नव्हते. ह्यांच्या गुडघ्याचे दुखणे कधी उसळेल सांगता येत नाही. आमच्या वयाला हा मुद्दा सोळा हजारांहून मोठा आहे.

दुसऱ्या रकान्यात तेच पॉइंट खोलीसाठी मांडले. तेवढ्या पॉइंटांत महाबळेश्वरला दिवाळीनंतरच्या दिवसांत दोन बेडरूमची जागा चार रात्री मिळत होती. बाहेरच्या माणसाला तिचे भाडे रात्रीला १२,००० च्या घरात. मुलगा म्हणाला, "म्हणजे ४८,००० चे मोल झाले की!" इथे मी त्याला थांबवले. आम्ही दोघे बारा हजारांच्या खोलीत स्वतःच्या पैशाने कधीच राहिलो नसतो, तीन हजारांच्या लॉजवर आमचे भागते. ज्या वस्तूला आपण जेवढे पैसे खरेच मोजले असते, तेवढेच तिचे मोल. आम्हा दोघांपुरते ते १२,००० चे. पण मुलगा, सून, दोन्ही नातवंडे आणि आम्ही, असे सगळे एका छताखाली राहायचे, बाहेरचे खाऊन पोटे बिघडू नयेत म्हणून लहानसे का होईना स्वयंपाकघर हवे, तर तशा जागेला मुलगा तीस-पस्तीस हजार आनंदाने देतो. दिलेही आहेत. तेव्हा पॉइंट सगळ्या कुटुंबाच्या राहण्याला लावायचे आणि टूर रोखीने करायची, हे त्या पानावर स्पष्ट दिसले.

आणखी एक खर्च कुठल्याच पत्रकात नसतो, तो आमच्यासारख्यांनी आवर्जून धरावा. टूर मुंबई विमानतळावरून सुरू होते. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही अहिल्यानगरपर्यंत. आम्हा अंबाजोगाईकरांना एक तर लातूरहून मुंबईची गाडी गाठावी लागते, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हाडे खिळखिळी करून घ्यावी लागतात. पहाटेचे विमान असेल तर आदल्या दिवशीचा मुक्काम आला. येतानाही तेच. पुण्या-मुंबईच्या माणसाची टूर विमानतळावर संपते, आमची अजून एक रात्र उरते. पॉइंट यातला एक रुपयाही भरून देत नाहीत. रोखीच्या नोंदणीत मात्र मी एजंटशी बोलून दुपारचे विमान असलेली तारीख घेतली. पॉइंटवाल्यांना ठराविक तारखांतूनच निवडावे लागत होते.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. पैसे भरले त्याचे चीज झाले, असे मी म्हणते ते किल्ल्यांमुळे आणि वाळवंटामुळे तर आहेच, पण त्याहून अधिक सोबतच्या टूर मॅनेजरमुळे. पोरगा माझ्या मुलाहून लहान. पहिल्याच संध्याकाळी त्याने प्रत्येकाजवळ येऊन विचारले की, कोणाला मधुमेह आहे, कोणाला जिना चढवत नाही, कोण कांदा-लसूण खात नाही, आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतले. जोधपूरच्या मेहरानगडापाशी पोहोचल्यावर त्याने ह्यांना चढ चढूच दिला नाही. "काका, तुम्ही माझ्याबरोबर या," म्हणत तो त्यांना लिफ्टकडे घेऊन गेला. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेल्या त्या किल्ल्याला लिफ्ट आहे हे आम्हाला ठाऊकही नव्हते. वर तटावरून खालची निळी घरे बघताना ह्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला. दोघेच गेलो असतो तर हे खालीच बाकावर बसून राहिले असते आणि मला म्हणाले असते, "तू जाऊन ये." जैसलमेरला एकादशी होती. त्या किल्ल्यात आजही माणसे राहतात, गल्ल्यांत कपडे वाळत घातलेले असतात, ते सगळे पाहून हॉटेलवर आलो तर उपवासवाल्यांच्या टेबलावर साबुदाण्याची खिचडी तयार होती.

ही काळजी पॉइंटवर जाणाऱ्यालाही मिळाली असती, हे मान्य. आमच्याच गटात एक जोडपे त्यांच्या क्लबच्या पॉइंटवर आले होते. त्यांचे पॉइंट मार्चअखेर बुडणार होते, कोणत्याही रिसॉर्टमध्ये जागा उरली नव्हती, आणि तब्येती ठणठणीत. त्यांच्या जागी मीही तेच केले असते. बुडणाऱ्या पॉइंटचे सोळा हजार आले तर ते घ्यावेत. आमचे पॉइंट मात्र अजून वर्षभर चालणार होते. 'वायाच चाललेत' हे मुलाने करार न वाचता धरले होते.

बीड, लातूर, धाराशिवकडची पुष्कळ मुले आता पुण्यात नोकरीला आहेत, अशी सभासदत्वे घेतात आणि आईवडिलांना प्रेमाने सहलीला पाठवू पाहतात. त्यांना माझी विनंती आहे. आईवडिलांचे नाव नोंदवण्याआधी तीच टूर रोखीने केवढ्याला पडते ते विचारा, पॉइंट कोणत्या तारखेला बुडतात ते करारात बघा, आणि रद्द केल्यावर काय परत मिळते ते फोनवर ऐकू नका, ईमेलवर लेखी घ्या. लेखी असेल तर पुढे अडचण आली तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगात ते दाखवता येते. आणि जमले तर पॉइंटवर खोली घेऊन स्वतः रजा टाका. आमचे महाबळेश्वरचे बुकिंग येत्या नोव्हेंबरचे आहे आणि मुलाने रजेचा अर्ज आत्ताच दिला आहे.